पावडरच्या डब्यावरचं लुगडं

निशाचा फोन आला तेव्हा मी दुकानासमोरच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत सामान भरत होते. "मुग्धा, आई इज गॉन," एवढंच ती म्हणाली. माझ्या शेजारच्या शरयूकाकू मुलीकडे, निशाकडे, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला बेलव्ह्यूला राहायला गेल्या होत्या. दुपारी जेवल्या, जरा पडते म्हणून आत गेल्या आणि उठल्याच नाहीत. इकडे पार्सिपनीत त्यांच्या दाराला कुलूप होतं आणि त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. त्या दिवशीही संध्याकाळी मी पाणी घातलं. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

काकू मूळच्या नागपूरच्या. रसायनशास्त्र शिकून इकडे आल्या आणि साबण-पावडरींना लागणारे सुगंध बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये निवृत्त होईपर्यंत राहिल्या. मी लग्न होऊन शेजारी राहायला आले तेव्हा काका नुकतेच गेले होते. मी वाटीभर साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले, तर काकूंच्या बैठकीच्या खोलीत सोफ्याऐवजी आधी डबेच दिसले. भिंतभर फळ्या आणि त्यांवर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे अमेरिकन पत्र्याचे डबे. दंतमंजनाचे, बेकिंग पावडरचे, खोकल्याच्या गोळ्यांचे, अंगाला लावायच्या पावडरींचे. शिवाय जुन्या मासिकांतून कापलेल्या जाहिरातींच्या फायली. मी बघतच राहिले. काकू म्हणाल्या, "घाबरू नको बाप्पा, मी भंगार विकत नाही. मी फक्त वाचते."

आणि त्या खरंच वाचायच्या! कादंबरी वाचावी तशा. एका जाहिरातीतली गृहिणी नव्या साबणामुळे एकाएकी तरुण झालेली, दुसरीत एका औषधाच्या चमच्यानं थकवा, निद्रानाश, अपचन आणि उदासपणा एकदमच पळालेले. काकू चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "इतिहासाच्या पुस्तकात राजे काय करत होते ते लिहितात. लोकांना लाज कशाची वाटत होती, भीती कशाची वाटत होती, ते पाहायचं तर इथे पाहा. अन् ज्याची लाज वाटत नव्हती, त्याची वाटायला कोणी शिकवलं, तेही इथेच."

शनिवारी सकाळी आम्ही दोघी गराज सेल, म्हणजे लोक घरापुढे जुनं सामान विकायला मांडतात ते, आणि जुने बाजार धुंडाळायला निघायचो. मी ड्राइव्ह करायची, काकू रस्ता सांगायच्या आणि हमखास चुकवायच्या. डबा हातात आला की त्या आधी झाकण उघडून डोळे मिटून वास घ्यायच्या. विकणारे चक्रावून बघायचे. शंभर वर्षांनंतरही पत्र्याच्या सांध्यांत काहीतरी उरतंच, असं त्यांचं म्हणणं. मला गंजाखेरीज काही कळायचं नाही.

अशाच एका शनिवारी तो डबा मिळाला. अंगाला लावायच्या पावडरचा, उभट, फिकट निळा, गेल्या शतकाच्या सुरुवातीचा. 'हिंदुस्थानच्या राण्यांचं गुपित, अस्सल गुलाबाचं अत्तर' अशी त्यावर सोनेरी इंग्रजी अक्षरं. काकूंनी वास घेतला आणि खळखळून हसल्या. "यात गुलाब औषधालाही नाही! सगळं लॅबमधलं. माझ्याच जातकुळीतल्या कोणाचं काम दिसतं." मग त्यांनी डबा फिरवला, आणि हसू थांबलं. पुढच्या बाजूला गुलाबांची टोपली घेतलेली एक बाई होती, आणि ती चक्क नऊवारी लुगड्यात होती. जुन्या अमेरिकन डब्यांवरच्या हिंदुस्थानी बायका म्हणजे नर्तकीचे झुळझुळीत झगे, डोक्यात पिसं. ही मात्र खरी होती. कासोटा बरोबर, पदर बरोबर, नाकात नथ.

"इथल्या चित्रकाराला लुगडं कसं माहीत?" काकू गाडीत बसल्याबसल्या म्हणाल्या. "यानं कोणाला तरी पाहून काढलंय."

घरी आल्यावर भिंगातून बघताना त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. डाव्या गुडघ्याच्या वर लुगडं एका बाजूला ताणलं गेलं होतं. वारा सुटल्यावर उडतं तसं नाही. एका ठिकाणाहून ओढल्यासारखं, टोकदार. "माझी आजी जन्मभर लुगडं नेसली," त्या म्हणाल्या. "ही ओढ कुठून आली? इथं काहीच नाही ओढायला." मी म्हटलं, "चुकलं असेल काकू चित्रकाराचं." त्या म्हणाल्या, "बाकी सगळं इतकं बरोबर काढणारा इथेच कसा चुकेल?"

या एका ताणलेल्या कापडानं काकूंना काही वर्षं झपाटलं. त्यांनी जुने डबे जमवणाऱ्यांना ईमेल केले, वाचनालयात जाऊन छापखान्यांचे नमुने पाहिले. निशा बेलव्ह्यूला एका कंपनीत जाहिरातींचंच काम करते, तिलाही फोटो पाठवून विचारलं. तिचं उत्तर आलं, "आई, इट्स जस्ट अ टिन." मायलेकींचं बोलणं एरवीही असंच असायचं. हवापाणी, तब्येत, तिकीट कधी काढू. भांडण असं नव्हतं, पण एकमेकींच्या घरात दोघीही पाहुण्यासारख्या वागायच्या. ते मला दिसायचं, पण विचारायची छाती झाली नाही.

मग एका उन्हाळ्यात नदीकाठच्या एका जुन्या बाजारात आम्ही गेलो. तिथे एका म्हाताऱ्याकडे खोकाभर जाड कार्डं होती. प्रत्येकावर जवळजवळ एकसारखे दोन फोटो शेजारी शेजारी, आणि ते बघायला लाकडी दांड्याचं, दोन भिंगांचं यंत्र. त्या काळी इथले लोक घरबसल्या त्यातून जग बघायचे. काकू हिंदुस्थानची कार्डं चाळायला लागल्या. हत्ती, घाट, साधू... आणि एका कार्डाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी ते यंत्रात घातलं, बराच वेळ पाहिलं, आणि यंत्र माझ्या हातात दिलं.

भिंगातून पाहिलं की मागची भिंत मागे जात होती आणि बाई पुढे येत होती, हात लांब केला तर लागेल इतकी. तीच बाई, तेच लुगडं, तीच नथ. टोपलीत मात्र गुलाब नव्हते, केळी होती. चेहऱ्यावर हसू नव्हतं. आणि डाव्या गुडघ्यापाशी दोन-अडीच वर्षांचं एक पोर उभं होतं, लुगडं मुठीत घट्ट धरून, आईच्या तोंडाकडे बघत. खाली छापलं होतं, 'मुंबईची फळवाली'. नाव नव्हतंच.

डब्याच्या चित्रकारानं केळ्यांचे गुलाब केले होते, बाईला हसवलं होतं आणि पोर काढून टाकलं होतं. ओढ तेवढी पुसायची राहिली होती.

मला तर आनंदानं ओरडावंसं वाटलं. सापडलं होतं! पण परतताना काकू विकत घेतलेलं कार्ड आणि यंत्र मांडीवर धरून बसल्या, रस्ता सांगायचंही विसरल्या. हायवेवरून घराकडे वळायचा एक्झिट आला तेव्हा म्हणाल्या, "आमच्या कंपनीनं एकदा माहितीपत्रक छापलं होतं. त्याच्या पहिल्या पानावर मी. पांढरा कोट, हातात काचेची नळी. फोटोग्राफर म्हणाला, स्माइल. मी हसले. फार छान फोटो आला, सगळे म्हणाले." त्या पुढे म्हणाल्या, "तेव्हा निशा नागपुरात होती. आईकडे ठेवली होती मी तिला. नोकरी नवी, यांची शिफ्ट, इथे सांभाळायला कोणी नाही... दोन वर्षांची होती. परत आणली तेव्हा मला काकू म्हणत होती."

मी गाडी चालवत राहिले.

त्या वर्षी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला निशा आली. जेवणं झाल्यावर काकूंनी तिच्यापुढे डबा ठेवला आणि हातात यंत्र दिलं. मी उठून जायला लागले तर काकू म्हणाल्या, "बस गं." निशानं पाहिलं, डब्याकडे पाहिलं, पुन्हा भिंगातून पाहिलं. "दे क्रॉप्ड द किड," ती म्हणाली. आणि मग, मान वर न करता, "डिड आय डू दॅट? एअरपोर्टवर? तुझी साडी..."

"नाही," काकू म्हणाल्या. "तू लगेच हात सोडलास. आजोबांच्या कडेवर हसत गेलीस. तू धरून ठेवलं असतंस तर मी निघू शकले नसते... अन् नाही धरलंस, ते जन्मभर लागून राहिलं."

निशा म्हणाली, "आय डोंट रिमेंबर एनीथिंग, आई. नागपूरचं काहीच आठवत नाही. आय ट्राय." काकूंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. एवढा वेळ तो हात तिथे राहिलेला मी कधी पाहिला नव्हता.

त्यानंतर मायलेकींचं फोनवरचं बोलणं लांबत गेलं. निशा आपल्या कंपनीच्या जाहिराती छापायच्या आधी आईला पाठवायला लागली आणि काकू प्रत्येकीवर एकच प्रश्न विचारायच्या, "यात कोणाला कापलंय?" निशा वैतागायची. पण मला म्हणाली, "ऑफिसात आता हा प्रश्न मीच विचारते, यार, अँड एव्हरीबडी हेट्स मी." काकू अधूनमधून बेलव्ह्यूला राहायला जाऊ लागल्या. शेवटच्या खेपेला जाण्याआधी त्यांनी सगळे डबे गावातल्या छोट्या संग्रहालयाला देऊन टाकायचं ठरवलं. अट एकच होती, निळा डबा आणि ते कार्ड शेजारी शेजारी ठेवायचं.

अंत्यविधी बेलव्ह्यूलाच झाले. मग निशा घर आवरायला पार्सिपनीला आली. डबे संग्रहालयात गेले, बैठकीची खोली एकदम मोठी आणि परकी दिसायला लागली. शेवटी स्वयंपाकघर राहिलं. कपाट उघडलं आणि आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. काचेच्या बरण्यांची रांग आणि एकाही बरणीवर अक्षर नाही. जन्मभर दुसऱ्यांची लेबलं वाचणाऱ्या बाईनं आपल्या घरातली सगळी लेबलं भिजवून, खरवडून काढून टाकली होती. काय कशात आहे ते तिच्या नाकाला माहीत.

"हाऊ डिड शी एव्हन कुक?" निशा म्हणाली. मग तिनं एक बरणी उघडली आणि वास घेतला. "जिरं?"

"धणे," मी म्हटलं.

दुसरी. "हळद. इझी." तिसरीवर ती अडली, चौथा गोडा मसाला तिनं बरोबर ओळखला. आम्ही हसत होतो, मध्येच डोळे पुसत होतो. मागच्या ओळीत एक उंच बरणी होती, तिच्यात तपकिरी, केसांसारख्या मुळांची जुडी. निशानं झाकण उघडलं, नाक जवळ नेलं, आणि ती तशीच थांबली. मला वाटलं, शिंक येतेय.

"मोठी खिडकी," ती म्हणाली. मराठीत. "खिडकीत... गवत. ओलं. कोणीतरी पाणी मारतंय त्याच्यावर. आणि मी खाली फरशीवर झोपलेय, पोटावर. फरशी गार आहे."

तो वाळा होता. नागपुरात उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचे पडदे लावतात आणि दुपारभर त्यांवर पाणी मारत राहतात. मी तिला हे सांगितलं नाही. ती अजून त्या खोलीत होती, डोळे मिटलेले, बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली... आणि मी आवाज न करता मागच्या दारानं कुंड्यांना पाणी घालायला गेले.