हळदीची बोटं

मी कधीही न पाहिलेल्या एका बाईची हळदीची बोटं मी स्पिरिटनं पुसून टाकली. पुसताना त्या बाईला मनातल्या मनात शिव्याही घातल्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आळे गावात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, मोटारीचे स्टार्टर, असलं पोटापाण्याचं काम. पण जुन्या व्हिडिओ गेमचा बोर्ड आला की माझं बाकी कशात लक्ष राहत नाही. त्या चैत्रात महाळुंगे पडवळचे एक मामा टेम्पोतून तसली एक पेटी घेऊन आले. कपाटाएवढी, समोर काच, खाली दांडी आणि दोन बटणं. घरची मेंढरं विकल्यावर त्यांनी ती घेतली होती आणि नवरा-बायको ती घेऊन गावोगावच्या जत्रा करायचे.

"मधीच बंद पडती," मामा म्हणाले. "वरनं थापटली का जरा येळ चालती."

"थापटून मेंढरं चालत असतील मामा, ही नाही चालायची," मी म्हटलं. ते हसले आणि परवा येतो म्हणून गेले.

दुपारी दुकानासमोरचा रस्ता ओस पडतो. मी पेटी उघडून चालू केली. काचेवर काळं आकाश आलं, पण अर्ध्या चांदण्या तळाशी सांडलेल्या, अक्षरं विस्कटलेली, विमानाचं तोंड एका कोपऱ्यात आणि शेपूट दुसऱ्यात. बोर्डावर काळ्या, चपट्या, बारीक पायांच्या आयसी ओळीनं बसलेल्या होत्या, वर धुळीचा जाड थर. मी बोटानं एकेक हळूच दाबत गेले. एखादी दाबली की आकाश जुळायचं, बोट उचललं की परत विस्कटायचं. रोग तेव्हाच कळला होता. आयसी चांगल्या होत्या, त्या ज्यात बसवतात ते बेस त्यांना धरत नव्हते. तरी मी कितीतरी वेळ तेच करत राहिले. बाहेर कडक ऊन, आणि इथं माझ्या बोटाखाली एक रात्र जुळत होती, मोडत होती. आपण जागे आहोत की झोपेत, हेच मला कळेना.

पेटी बंद करून पहिली आयसी उपसली आणि माझं डोकं फिरलं. बेसच्या भोकांत पिवळी खपली. धूळ झटकली तर आयसीच्या पाठीवर हळदीचं बोट, त्यावर कुंकवाचा ठिपका. दुसरीवर तेच, तिसरीवर तेच. खंडेनवमीला हत्यारं आपण सगळेच पुजतो, मीही माझ्या पक्कडीला हळदकुंकू वाहते. पण पेटी उघडून एकेका आयसीला ओली हळद? तिचे ओघळ खाली उतरले होते आणि पाय गंजून काळे पडले होते. कोण ही बया, असं पुटपुटत मी आयसी काढत गेले, पाय खोडरबरनं घासले, पाठी स्पिरिटनं लख्ख केल्या, नवे बेस लावले. मामा आले तेव्हा एकच आयसी राहिली होती.

"बघा, कसा नवा केलाय," मी ऐटीत बोर्ड दाखवला.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "हळद कुठं गेली?"

"पुसली. तिनंच तर घोटाळा केला होता. एवढी लावली कुणी?"

"तुझ्या मामीनं. दर खंडेनवमीला लावायची. म्हनायची, मेंढरांना लावत व्हतो तशी ह्यांना बी लावायची, एक बी सुटाया नको." मामांनी बोर्डाच्या कडेवरून हात फिरवला. "ह्याच पौषात गेली ती. ही शेवटची हळद व्हती तिची."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं, मामा."

"तुला काय ठावं, ताई."

उरलेल्या आयसीवर बोट शाबूत होतं. पण तिचाही बेस गेलेला, आणि मामांची पुढची जत्रा चार दिवसांवर.

"ही तशीच ठेवू?" मी विचारलं.

"मग चालंल का?"

"नाही."

ते त्या आयसीवर वाकले. मग म्हणाले, "कर. पर जपून."

मी ती कडेनं धरून उचलली, पाय कोरडेच घासले, नवा बेस लावला. हळदीला धक्काही लागू दिला नाही. पण बसवायची कशी? टोकांना दाबून पाहिलं, जाईना. अंगठा पाठीवर मधोमध ठेवून दाबल्याशिवाय ती बसणार नव्हती. मी मामांना तसं सरळ सांगितलं.

"सरक. मी दाबतो," ते म्हणाले.

मी पाय भोकांवर नीट टेकवून दिले. त्यांनी अंगठा बरोबर त्या हळदीच्या बोटावर ठेवला आणि तसाच राहू दिला. दाबेचनात. वर पंखा फिरत होता. मी घाई केली नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग बारीक कट् असा आवाज झाला.

मी पेटी चालू केली. सगळ्या चांदण्या जागेवर होत्या. मामांनी तिकडे पाहिलंच नाही. घामानं हळद त्यांच्या अंगठ्याला आली होती. सवयीनं मी हात पुसायला फडकं पुढे केलं आणि तसंच मागे घेतलं.

टेम्पोवाल्यानं आणि मी मिळून पेटी चढवली. मामा उजवी मूठ मिटूनच पुढे बसले. दार मी लावून घेतलं.