बॉनेटवरचा चहा

बैहरच्या घाटात माझी जुनी पिकअप धाप लागून थांबायची. त्या रस्त्यावरच्या रोजच्या बसचा ड्रायव्हर शेजारून जाताना हसत विचारायचा, "उतरू काय भाऊ, ढकलायले?"

बालाघाटच्या एका मिस्त्रीला मी हे चिडून सांगितलं. नाव विचारायचं राहूनच गेलं. इंजिनाला कान लावून तो म्हणाला, "गाडी म्हातारी नाही झाली, तिचा घसा बसला." त्याने डिझेल फवारणारे चारही इंजेक्टर बदलले, गाडी चालू केली आणि बॉनेटवर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवला. थेंब सांडला नाही. तोच चहा सावकाश पिऊन तो पिकअपच्या मागच्या उघड्या डाल्यात चढला. "चाल भाऊ, मले घाट दाखव."

चढावर तीच बस रखडत होती. मी तिला मागे टाकलं. डाल्यातून मिस्त्री दोन्ही हात वर करून ओरडला, "उतरू काय भाऊ, ढकलायले?"