काखेतल्या गळवांची दहशत

माझ्या आयुष्यात लोक मला एकच आठवडा घाबरले, आणि त्याचं सगळं श्रेय माझ्या दोन्ही काखांना जातं.

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या गोखिवऱ्याच्या उकाड्यानं माझ्या दोन्ही काखांत लिंबाएवढी गळवं आली. डॉक्टर म्हणाले, "हात अंगाला टेकवायचे नाहीत." म्हणून मी हात फाकवून, शर्टाची वरची बटणं उघडी टाकून, दात आवळत कामावर निघालो. (मी शाळेत क्लार्क आहे. तिथे मला शिपाईसुद्धा घाबरत नाही!)

नाक्यावर बंटीची गँग बसलेली. एरवी मी तिथून मान खाली घालून सटकतो. त्या दिवशी वाकलं की ठणका लागायचा, म्हणून मान ताठ! बंटीनं हनुवटी उचलली. मला हात हलवणं शक्यच नव्हतं, म्हणून मीही नुसती हनुवटी उचलली. तर पोरं चक्क उठून उभी राहिली! हात न हलवता हनुवटी उचलतो तो मोठा भाई, हे त्यांचं व्याकरण मला नंतर कळलं.

शुक्रवारी बंटी घरी हजर.

"शेठ, रविवारी नायगावची पोरं येतायत. क्रिकेटच्या मैदानाचा मॅटर आहे. तुम्ही बोलायचं काय नाय, फक्त उभं राहायचं."

"हे?" माझी बायको शैला स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुम्हाला कोणी खुर्ची देत नाही!"

"तू गप्प बस!" मी म्हणालो. (बावीस वर्षांत पहिल्यांदा. हात फाकले की डोकंही फिरतं.)

रविवारी मैदानात दोन रांगा समोरासमोर. माझ्यासमोर नायगावचा सनी, जिममध्ये फुगवलेला. त्यानं बोटं मोडली. मी दात आवळले. त्यानं डोळे बारीक केले. माझा घाम नेमका गळवावर ओघळला, माझेही डोळे आपोआप बारीक झाले. सनी एक पाऊल मागे सरकला!

"शेठ, अजून दोन मिनिटं," बंटी कुजबुजला. "फुटतोय!"

मलाही तीच भीती होती.

इतक्यात रिक्षा थांबली. आतून शैला उतरली, हातात ट्यूब.

"पाच वाजून गेले! मलम कोण लावणार? हात वर करा!"

"शैला, आत्ता नको..."

"वर!"

गेले की दोन्ही हात वर! बावीस वर्षांची सवय.

मग नायगावची पोरं नाचायलाच लागली. "सरेंडर! भाईनं हात वर केले!" मैदान गेलं. आणि हिनं दोन्ही गँगसमोर माझा शर्ट उतरवून, फुंकर घालत घालत मलम लावलं. सनीनं ट्यूब धरली.

मंगळवारी बंटी परत दारात. मी माफी मागायला घसा खाकरला.

"काका," तो म्हणाला (शेठपण संपलं होतं), "मैदान परत घ्यायचंय. रविवारी काकी मोकळ्या आहेत का?"

"आणि मी?"

त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही पण या ना. काकींची पावर दाखवायची तर डेमोला कोणीतरी लागेल!"