म्हशींचा घाट आणि चार बाटल्या

छायाताईंनी कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं पाणी तपासलं. रिटायर होऊन बुऱ्हानपुरात घर केलं, तरी पाण्याचा पेला त्या आधी उजेडाला धरायच्या आणि मगच प्यायच्या. नवरा प्रवीण म्हणायचा, "नळाचंच आहे गं, पी की!"

जिल्ह्यातल्या तळ्यांचा सर्व्हे निघाला, तेव्हा त्यांना पुन्हा बोलावणं आलं. कुठलं तळं कशाच्या लायक, हे ठरवायचं होतं. पिण्याजोगं असेल तर वरचा वर्ग, मासे जगतील तर ‘डी’, नुसतं शेतीला चालेल तर ‘ई’.

खकनारजवळच्या एका खेड्यातलं तळं टीममधल्या तेजस्विनीने ‘ई’मध्ये टाकलं. गावातल्या बचतगटाच्या धुरपदाबाईला हे कळलं तशी ती कमरेला पदर खोचून आली. तिच्या गटातल्या अकरा बायका तिथे मासे पाळणार होत्या, आणि मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं, मिळायला निदान ‘डी’ हवा होता.

"ओ बाई, तळं आमचं अन् नापास तुम्ही करता?"

"ताई, रीडिंग तर क्लिअर आहे ना," तेजस्विनी म्हणाली. "ऑक्सिजन तीन आला. चार पाहिजे. इसमें मैं क्या करूँ?"

"पाणी कुठून घेतलंस?" छायाताईंनी विचारलं.

"घाटावरून. तिथंच उतरता येतं."

"आणि म्हशी कुठे उतरतात?"

तेजस्विनीने त्याच घाटाकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच छायाताई हजर. रात्रभरात पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी होतो. तेव्हा पास झालं तर खरं पास. साडी वर खोचून त्या गुडघाभर चिखलात शिरल्या आणि तिथेच धपकन बसल्या. बाटलीचा हात मात्र वरच. काठावरच्या बायका हसून लोटपोट झाल्या, छायाताईही.

चार ठिकाणच्या चार बाटल्या ओळीने मांडल्या, प्रत्येकीत औषधाचे थेंब टाकले. तीन बाटल्यांत दाट तपकिरी साका बसला. घाटावरची चौथी मात्र फिकट राहिली.

"साका गडद म्हणजे प्राणवायू भरपूर," छायाताईंनी समजावलं.

"मग चौथी फेकून द्या!" धुरपदाबाई म्हणाली.

"ती पण तुमच्याच तळ्याची आहे. फेकणार नाही. म्हशींच्या शेणाने तिथला प्राणवायू संपतो. सांगा, म्हशी कोणाच्या?"

सगळ्यांनी काठावर उभ्या म्हशीवाल्या देवरामकडे पाहिलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "म्हशींना आता कागद दाखवू का?"

"कागद नको, खड्डा दाखवा," छायाताई म्हणाल्या.

आठवडाभर कुदळी चालल्या. तळ्याच्या खालच्या अंगाला, जिथलं घाण पाणी परत वर येणार नाही अशा जागी, म्हशींसाठी डबकं खोदलं आणि बोअरच्या पाण्याने भरलं. म्हशी पहिले दोन दिवस जुन्याच वाटेला पळाल्या. देवराम काठी घेऊन मागे, आणि देवरामच्या मागे धुरपदाबाई. तिसऱ्या दिवशी म्हशींना डबकं असं आवडलं की संध्याकाळी बाहेर निघेनात.

दीड महिन्याने तळ्याचं पाणी तेजस्विनीने स्वतः घेतलं, उजाडताच, चारही जागी. घाटाचा आकडा आला चार पूर्णांक सहा. तिने फॉर्मवर ‘डी’ लिहिलं आणि तो सहीसाठी छायाताईंपुढे धरला.

"सही तूच कर," त्या म्हणाल्या. "या खेपेला चिखलात तू उतरलीस."

श्रावण सरता सरता मत्स्यबीजाची गाडी आली. पिल्लांच्या पिशव्या पाण्यात सोडताना अकरा बायकांनी छायाताईंनाही ओढून घेतलं.