ग्रुप फोटोत टाकलेली दोन माणसं

२७ जून २००४, रविवार. बिलाची रक्कम सात हजार चारशे रुपये. हजर चौघं: मी, माझी धाकटी बहीण, वडील आणि बहिणीच्या लग्नाचे फोटो काढणारा फोटोग्राफर. जागा बजाजनगरमधलं माझं दोन खोल्यांचं घर.

लग्न मे महिन्यात देवगाव रंगारीला, गावच्या घरासमोर मांडव टाकून झालं होतं. त्याच्या चार दिवस आधी वडिलांना हार्ट अटॅक आला आणि मी त्यांना शहरातल्या दवाखान्यात आणलं. लग्न पुढं ढकलता येत नव्हतं. विहीर आटली होती, पंगतींसाठी टँकर कसेबसे ठरले होते, आणि जूनमध्ये पाणी मिळेल की नाही हे कुणीच सांगू शकत नव्हतं. तेव्हा ठरलं की कन्यादान चुलते करतील आणि मी दवाखान्यात थांबेन. तसंच झालं. लग्नाला आम्ही दोघं नव्हतो.

मी बिल आधी वाचतो, वस्तू नंतर बघतो. पहिली ओळ: फोटो व अल्बम, सात हजार. दुसरी ओळ: माणसं टाकणे, २ नग, चारशे.

"हे काय? हाताखालची पोरं आणली होती का?"

"नाही साहेब," फोटोग्राफर म्हणाला. "ग्रुप फोटोत टाकली. माणशी दोनशे. शहरात जाऊन विचारा, तीनशेच्या खाली कोणी करत नाही."

त्यानं मोठा फोटो काढून पुढं ठेवला. मांडवात नवरा-नवरी, चुलते, आई. आईच्या शेजारी वडील. आणि वडिलांच्या शेजारी मी.

मी बोटानं माझा चेहरा खरवडून पाहिला, वरून काही चिकटवलंय का म्हणून. कागद गुळगुळीत होता. वडिलांच्या मिशा काळ्याभोर आणि डोक्याला गुलाबी फेटा. हा फेटा मला ओळखीचा होता. दहा वर्षांपूर्वी माझ्या लग्नात त्यांनी बांधला होता. मग उलगडा झाला. पंधरा दिवसांपूर्वी बहिणीनं माझ्या लग्नाच्या निगेटिव्ह मागून नेल्या होत्या, एक कॉपी काढायची म्हणून. त्यातले आम्ही दोघं उचलून इथं आणून उभे केले होते. माझ्या कपाळावरच्या मुंडावळ्या पुसल्या होत्या, तिथं फिकट पट्टा राहिला होता.

"याची निगेटिव्ह दाखवा."

"निगेटिव्ह नसतेच आता, साहेब. डिजिटल आहे. सगळं कॉम्प्युटरमध्ये."

माझ्या लग्नात तीन रोल लागले होते. त्यातल्या पट्ट्या मी पाकिटांवर तारखा घालून जपल्या होत्या. भिंगासमोर जे उभं राहिलं तेच पट्टीवर उमटलं, एवढा माझा त्यांच्यावर विश्वास. आणि इथं मी, ज्या मांडवाची दोरीसुद्धा पाहिली नाही, त्यात उभा होतो.

"दादा, मीच सांगितलं होतं त्यांना," बहीण म्हणाली. "सासरी बैठकीत लावायचाय. येईल ती बाई विचारती, बाप दिसत नाय गं? रुसला होता का? किती जणींना दवाखाना सांगू?"

"खरं आहे ते सांगायचं."

"तुला काय जातंय! तुला नाय त्या घरात राहायचं."

"आम्ही दोघं मांडवात होतो, तर दवाखान्यातल्या खाटेवर कोण होतं?" माझा आवाज चढला. "हा फोटो फाडा. चारशे मी देणार नाही."

तिनं फोटो ओढून छातीशी धरला आणि रडायला लागली.

"इकडं आण ते," भिंतीकडच्या खाटेवरून वडील म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना जिवाला लागेल असं काही दाखवू-सांगू नका म्हणून बजावलं होतं. पण त्यांचा हात पुढं झालेला. त्यांनी फोटो लांब धरून बराच वेळ पाहिला.

"आरं, ह्याच्या मनगटाला हळकुंड तसंच हाय की. बहिणीच्या लग्नात ह्यो परत नवरा!"

फोटोग्राफरनं जीभ चावली. "राहिलं, काका. पुसतो."

"ते नको पुसू. ह्यालाच काढ."

"आण्णा, का?" बहिणीनं विचारलं.

"ह्यो नव्हता लग्नाला. माझ्यापाशी व्हता."

"आणि तुम्ही?" मी म्हणालो.

"मी व्हतो. अक्षता टाकल्या म्या."

त्या दिवशी मुहूर्ताच्या वेळी त्यांनी मला किती वाजले विचारलं होतं. मी सांगितलं. त्यांनी सलाईन लावलेला उजवा हात, नळी ताणेल तेवढा, वर उचलला आणि रिकामी मूठ उघडली. सुई दुखत असेल असं वाटून मी नर्सला हाक मारली होती. महिना उलटला तरी माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"खरं का, दादा?" बहीण म्हणाली.

मी मान हलवली.

आठवड्यानं फोटोग्राफर नवा फोटो घेऊन आला. माझ्या जागी मांडवाचं कापड होतं. पण वडिलांचा उजवा हात जुन्या फोटोत माझ्या खांद्यावर होता, तो तसाच अधांतरी वर राहिला होता. "हात काही खाली घेता येईना," तो ओशाळून म्हणाला. बहिणीनं फोटो पाहिला आणि म्हणाली, "राहू द्या. असाच हवाय."

मला काढण्याचे त्यानं काही लावले नाहीत. एकूण झाले सात हजार दोनशे, सगळे फोटोग्राफरलाच. त्यातले सात हजार मी मोजून दिले. वडिलांना टाकल्याचे दोनशे मी देऊ लागलो, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि बंडीच्या खिशातून स्वतःचे काढून दिले.