पाणशेपटी

लहानपणी आईनं तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि पन्नाशी उलटली तरी ते नाव काही सुटलं नाही. तिचं चष्म्याचं दुकान होतं. काड्या वाकव, स्क्रू आवळ, गिऱ्हाईक नसलं की काचा पूस, पुसून झाल्या की त्याच परत पूस. नवरा म्हणायचा, "मेल्यावर तरी घटकाभर आडवी पडशील ना?"

थांबलेल्या गिऱ्हाइकांना विरंगुळा म्हणून दुकानात माशांची टाकी आली. तिचं पाणी सारखं हिरवं व्हायचं, म्हणून मासेवाल्यानं पाणशेपटी नावाची एक वीतभर वनस्पती दिली. मुळं नाहीत, देठाभोवती सुयांसारखी पानं, कोल्ह्याच्या शेपटीसारखी झुपकेदार. नुसती पाण्यात सोडा, बाकीचं ती बघून घेते, असं तो म्हणाला. पंधरा दिवसांत पाणी नितळ झालं आणि महिन्याभरात ती इतकी दाटली की मासे दिसेनासे झाले. भिंगरीला ती भलतीच आवडली. आपल्यासारखंच कुणीतरी स्वस्थ न बसणारं भेटलं, असं तिला वाटलं. दर सोमवारी ती कात्रीनं छाटणी करायची आणि छाटलेलं पिशव्यांत भरून वाटायची. गिऱ्हाइकांना दिलं, शेजाऱ्यांना दिलं, जावेला दिलं.

एके दिवशी गावाबाहेरच्या तळ्यावरचा नावाडी मोडलेली काडी घेऊन आला. टाकीकडे त्याचं लक्ष गेलं.

"तुमच्याकडेही आहे होय ही? आमच्या वल्ह्यांना विळखे घालून बसलीय. दोन महिने झाले, एक होडी धड चालत नाही."

भिंगरीच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायच्या निमित्तानं ती बराच वेळ वाकूनच राहिली.

दुकान लवकर बंद करून तिनं तळ्याजवळ राहणाऱ्या जावेचं घर गाठलं. जाऊ भाजी निवडत होती. घरातली टाकी साफ करायचा कंटाळा आला, म्हणून माशांसकट सगळं तळ्यात सोडून दिलं, असं तिनं शांतपणे सांगितलं. माशांना तेवढंच मोकळं वाटेल, हेही वर सांगितलं. भिंगरीला भांडायचं होतं, पण कुठल्या तोंडानं? पिशवी तर तिनंच दिली होती.

मग तिच्या जिवाला चैन पडेना. रोज पहाटे दुकानाआधी ती तळ्यावर जायची, गुडघाभर पाण्यात उतरून दंताळ्यानं ओढायची, तुटेल तेवढं तोडायची. जेवताना बोटं वळवळायची. गिऱ्हाइकाला डाव्या डोळ्याची काच उजव्याला बसवून दिली. तीन आठवडे असे घालवले, आणि तळं होतं त्याहून दाट झालं.

तेव्हा कुठे ती थांबली. दुकानात तिनं एका देठाचे सात तुकडे केले आणि सात पेल्यांत ठेवले. करंगळीच्या पेराएवढे तुकडे. आठवड्यानं बघते तर सातही पेल्यांत कोवळे शेंडे फुटले होते. दंताळ्यानं तोडतोडून ती इतके दिवस तळ्यात लागवडच करत होती. नवऱ्याला तिनं पेले दाखवले. तो हसणार होता, पण तिचा चेहरा बघून एकेक पेला उजेडात धरून बघू लागला.

दुसऱ्या दिवशी तिनं नावाड्याला गाठलं.

"ती माझ्या दुकानातून आलीय. आणि आता मीच वाढवलीय."

नावाड्यानं वल्ह्यावरचा विळखा सोडवला. मग म्हणाला, "म्हणून इतक्या पहाटे येत होतात? मला वाटलं, डॉक्टरनं चालायला सांगितलंय."

त्यानंतर दोघांनी पद्धत बदलली. बारीक जाळी खालून घालायची, देठ न तोडता अख्खा गुंता हळूहळू काठाकडे आणायचा, आणि पाण्यापासून लांब उन्हात वाळवायचा. भिंगरीसाठी ही खरी शिक्षा होती, कारण घाई केली की तुटायचं. वाटलेल्या पिशव्यांची यादी करून ती घरोघरही गेली. काहींनी वनस्पती परत दिली, एकीनं दार लावून घेतलं.

पावणेदोन वर्षं लागली. उथळ कडेला थोडी अजूनही उगवते, पण मधलं पाणी मोकळं झालं आणि होड्या सुरू झाल्या. पहिल्या फेरीला नावाड्यानं तिला मानानं बसवलं. ती बसली, पण काठावरून इतकी वाकून खाली बघत होती, की होडी एका बाजूला कलली.

"बाई, जरा मधे सरका," तो म्हणाला, "नाहीतर दोघंही जाऊ तळाशी."

ती सरकली, आणि दुसऱ्या बाजूनं वाकली.