शिरीषच्या हॉलमधला निळा नट

छंद एकाचा असतो, किस्से मात्र मित्रमंडळींकडे साठतात. सिंगापूरमधल्या आमच्या पाया लेबारच्या ऑफिसातला शिरीष लाकडी ठशांनी छापलेली जुनी जपानी चित्रं आणायला लागला आणि आमच्याकडे साठा वाढला.

पहिलं चित्र तांजोंग पगारच्या एका दुकानातलं. काबुकी नाटकातला नट, फिकट निळे कपडे, हातात जपमाळ. सोफ्याला मॅच होतो म्हणून शिरीषसाहेबांनी तो बिशानच्या फ्लॅटमध्ये हॉलमध्येच लावला.

*

आमची मैत्रीण मुग्धा इथे पोस्टडॉक करते आणि जपानी वाचते. शिरीषकडे जेवायला आली तेव्हा तिने चित्रावरचा मजकूर वाचला.

"शिरीष, ही मृत्यूची तारीख आहे. आणि हे मेल्यानंतर दिलेलं नाव."

लोकप्रिय नट गेला की छापणारे घाईघाईने असं चित्र काढायचे आणि चाहते घरी न्यायचे. निळे कपडे ही गेल्याची खूण.

"म्हणजे सहा महिने आपण सुतकात जेवतोय," शिरीषची बायको वैदेही म्हणाली.

*

शिरीषने त्याच नटाचं दुसरं चित्र आणलं. त्यावर मरतानाचं वय पहिल्यापेक्षा वेगळं निघालं. मुग्धा म्हणाली, घाईत असं व्हायचं.

वैदेही म्हणाली, "नटच तो. मेल्यावर तरी खरं वय कशाला सांगेल?"

*

सत्यनारायणाला आलेल्या एका पाहुण्याने प्रसाद घेऊन दोन्ही चित्रांना नमस्कार केला. "वडील आणि काका का?"

"नो लाह," शिरीषची मुलगी इरा इथल्या इंग्रजीत म्हणाली, "नॉट इव्हन रिलेटेड."

सगळे हसले, शिरीष हसला नाही. त्याचे बाबा पुण्यात वारले त्याला दोन वर्षं झाली होती, पण आई त्यांचा फोटो भिंतीवर लावू देत नव्हती. त्याने तीनदा फ्रेम करून पाठवला, तिन्ही वेळा तो कपाटात गेला. हे त्याला फार लागलं होतं.

*

मग काकू, म्हणजे शिरीषची आई, इथे राहायला आल्या. मुग्धाने त्यांना चित्रांची सगळी हकिगत सांगितली.

"हा कुठल्या भूमिकेत आहे?" काकूंनी विचारलं.

"कुठल्याच नाही, काकू. ह्याची कामं संपली."

काकू आत गेल्या आणि बॅगेतून एक फोटो घेऊन आल्या. शिरीषचे बाबा नोकरी सांभाळून हौशी नाटकांत कामं करायचे. फोटोत ते पगडी घालून उभे होते, मिशा काजळाने रंगवलेल्या.

"हा लाव."

शिरीषने निळा नट उतरवला आणि त्याच खिळ्यावर बाबांना लावलं. वैदेहीने चंदनाचा हार आणला.

"हार नको गं," काकू म्हणाल्या. "पहिल्या अंकातला फोटो आहे."